कोअरच्या बेकरीतलं पीठ

माझे शेजारी सुतार होते. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या घरी ओटे आणि कपाटं बसवली. मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा त्यांना निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षं झाली होती आणि बायको जाऊन एक. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरात, हेन्डरसन भागातल्या आमच्या दोन घरांच्या मध्ये लाकडाचं एकच कुंपण होतं आणि त्याच्या दुरुस्तीचं सगळं ते न विचारता करून टाकायचे. फेब्रुवारीत आमच्या दारात टोमॅटोची पिशवी असायची, एप्रिलमध्ये फिजोआची, म्हणजे इथल्या हिरव्या आंबटगोड फळांची.

आमचं बोलणं इंग्रजीतच व्हायचं आणि इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना नावानेच हाक मारायचे. पण आठवायला बसले की सगळं मराठीत आठवतं. त्यात ते मला 'तू' म्हणतात आणि मी त्यांना 'तुम्ही'. म्हणून तसंच लिहिते आहे.

एका शनिवारी मी मागे कपडे वाळत घालत होते आणि फोनवर माझ्या पुण्याच्या मैत्रिणीशी बोलत होते. ती आता जर्मनीत असते. आम्ही दोघी पुण्यात एकाच वर्गात जर्मन शिकलो आणि भाषा गंजू नये म्हणून अजूनही महिन्यातून एकदा तासभर जर्मनमध्ये गप्पा मारतो. फोन ठेवला तर कुंपणावर त्यांचं डोकं.

"ती जर्मन होती का?"

"हो. कॉलेजात शिकले होते. पुण्यात खूप जण शिकतात."

"वाचताही येतं?"

"येतं."

"हातानं लिहिलेलं? जुनं?"

मी म्हटलं, बघू या. ते आत गेले आणि एक चपटी लाकडी पेटी घेऊन आले. पेटी त्यांनी स्वतः केलेली होती, कोपऱ्यांत एकसुद्धा खिळा नव्हता. आत तीन गोष्टी होत्या. एक सैनिकाचं पासबुक, रबरबँड लावलेली वीसेक पोस्टकार्डं, आणि तळहाताएवढी, काळ्या मेणकापडाच्या पुठ्ठ्याची वही.

त्यांच्या आईचे वडील जर्मन होते. पहिल्या महायुद्धात ते कैसरच्या सैन्यात होते. युद्ध संपल्यावर बऱ्याच वर्षांनी बायको आणि लहान मुलीला घेऊन इथे आले, आडनाव बदललं आणि वेस्ट ऑकलंडमध्ये बेकरी काढली. नातू दहा वर्षांचा असताना ते गेले. नातवाला त्यांच्या हाताचा वास आठवत होता आणि आईचं एक वाक्य: "तुझे आजोबा युद्धात फक्त पाव भाजायचे. त्यांनी कधी बंदूक उचलली नाही."

त्यांच्या घराच्या पॅसेजमध्ये दुसऱ्या आजोबांचा, म्हणजे वडिलांच्या वडिलांचा फोटो होता. गणवेशातला, न्यूझीलंडचा सैनिक. अँझॅक डेला, युद्धातल्या सैनिकांच्या स्मरणदिनी, शाळेत मुलं आपापल्या आजोबांची पदकं लावून यायची, तेव्हा हेही त्या आजोबांची पदकं लावून जायचे. आईचे वडील तेव्हा जिवंत होते, घरी पीठ मळत होते. "मी कुणाला सांगितलं नाही," ते मला म्हणाले. "लाज होती असं नाही. पण सांगितलं नाही, हे खरं."

आता वय ऐंशीच्या जवळ आलं होतं आणि त्यांना त्या आजोबांबद्दल सगळं जाणून घ्यायचं होतं. मी हो म्हटलं.

वही उघडली आणि मला एक अक्षर लागेना. जर्मन येणं आणि ती जुनी लिपी वाचता येणं या दोन वेगळ्या गोष्टी. आपल्याला मराठी येतं म्हणून मोडी वाचता येते का? मी त्यांना मोडीबद्दल सांगितलं, एका कागदावर आठवत होती तेवढी दोन-चार अक्षरं काढूनही दाखवली. ते म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडेही नातवंडांना आजोबांचं अक्षर वाचता येत नाही तर." मग मी जुन्या अक्षरांचा तक्ता छापून आणला आणि दोन महिने रोज जेवणाच्या सुट्टीत पेनरोजच्या आमच्या मालाच्या डेपोतल्या कँटीनमध्ये बसून ती लिपी गिरवली. हळूहळू शब्द दिसायला लागले.

तिथून पुढे वर्षभर दर शनिवारी सकाळी दहा वाजता मी मागच्या दारानं त्यांच्या किचनमध्ये जायचे. ते चहा करायचे. मी वाचायचे, तोंडी इंग्रजी करायचे, आणि ते मोठ्या अक्षरात फाइलमध्ये लिहून घ्यायचे.

सुरुवात पासबुकापासून केली, कारण त्यात शिक्के होते. माणूस कोणत्या तुकडीत होता, ती कोणाच्या हाताखाली, हे सगळं त्या शिक्क्यांत होतं. आम्हा दोघांनाही सैन्यातलं काही कळत नव्हतं. मी लायब्ररीतून पुस्तकं आणली आणि कोअर म्हणजे काय ते आम्ही दोघांनी मिळून शिकून घेतलं.

कोअर म्हणजे एक अख्खा संसारच होता. एका कोअरमध्ये दोन डिव्हिजन, प्रत्येक डिव्हिजनमध्ये पायदळाच्या दोन ब्रिगेड, प्रत्येक ब्रिगेडमध्ये दोन रेजिमेंट. रेजिमेंटच्या तीन बटालियन, बटालियनच्या चार कंपन्या. जोडीला तोफखाना, घोडदळ, पूल बांधणारे. आणि या सगळ्यांच्या मागे दारूगोळ्याच्या, धान्याच्या गाड्या, बारा फील्ड हॉस्पिटलं, घोड्यांचे तळ आणि दोन फिरत्या बेकऱ्या. त्या दोनपैकी एकीत आजोबा होते.

त्यांनी गॅरेजमध्ये प्लायवूडच्या मोठ्या फळीवर हे सगळं पेन्सिलनं काढलं. सुताराचा हात, रेषा कशा सरळ! वर कोअरचा जनरल आणि सगळ्यात खाली उजव्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन: बेकरी. त्या चौकोनात त्यांनी रंगीत पेन्सिलनं एक पाव काढला.

मला स्वतःला लढायांत रस नव्हता, पण त्या मागच्या गाड्यांत फार होता. पेनरोजला माझं कामच ते. कोणता ट्रक कधी सुटेल, कोणत्या दुकानात माल आधी संपेल, रात्री किती पॅलेट लागतील. चाळीसएक हजार माणसं आणि हजारो घोडी रोज पुढे सरकत असताना त्यांच्यापर्यंत पाव कसा पोचत असेल याचा विचार करत मी घरी यायचे. नवरा म्हणायचा, "तू डेपोतून सुटून दुसऱ्या डेपोत जातेस."

शांततेच्या काळात कोअर म्हणजे नुसतं सैन्य नव्हतं, एक मुलूखही होता. प्रत्येक कोअरला आपापला प्रदेश नेमून दिलेला. पोरं बहुतेक तिथलीच भरती व्हायची, त्यामुळे एका गावचे, एका गल्लीतले एकाच कंपनीत. त्यावरचा जनरल थेट कैसरला उत्तर द्यायचा, मध्ये कुणी नाही. युद्ध सुरू झालं आणि कोअर आगगाड्यांत बसून सीमेवर गेलं, तेव्हा मागे त्याच नावाचं एक बदली कार्यालय राहिलं. ते नवी भरती करायचं, त्या मुलखावर हुकूमत चालवायचं, काय छापायचं काय नाही तेही ठरवायचं. आणि पुढे युद्ध लांबलं तसं ब्रिगेडी कमी केल्या, डिव्हिजन इकडून तिकडे हलवायला लागले. कोअर म्हणजे शेवटी एक मुख्यालय तेवढं उरलं, त्याच्या हाताखाली आज ही डिव्हिजन, उद्या ती.

हे शेवटचं त्यांना आवडलं नाही. "म्हणजे ड्रॉवर सगळे काढून नेले आणि कपाटाचा सांगाडा तेवढा ठेवला," ते म्हणाले आणि फळीवर ते काढायचं त्यांनी टाळलं. त्यांची फळी युद्धाच्या पहिल्या उन्हाळ्यावरच थांबली.

मग वही घेतली. आजोबा मोजकं लिहायचे. आज किती पाव झाले. सरपण ओलं. एक घोडा पाय मोडून पडला. बायकोचं पत्र नाही. असं पानामागून पान. ते ऐकून शेजाऱ्यांचा चेहरा उजळायचा. "सरपण ओलं! इथल्या बेकरीतसुद्धा रोज हीच कुरकुर असायची!"

आता मला माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. इथे येण्याआधी मी पुण्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत नऊ वर्षं दुभाषी होते. जर्मनीहून माणसं चिडून मेल लिहायची आणि मी ती मराठीत सांगताना त्यातला डंख काढायचे. आमचे साहेब रागावून उत्तर द्यायचे, ते जर्मनमध्ये करताना त्याची धार घालवायचे. दोन्हीकडची माणसं खूश असायची. कोणीतरी मला म्हणालं होतं, तू नसतीस तर हा धंदा कधीच मोडला असता. त्याचा मला फार अभिमान होता. तीच सवय मी वहीला लावली. एका पानावर आजोबांनी एका पोऱ्याला पट्ट्यानं मारल्याचं होतं, ते मी "रागावलो" असं सांगितलं. एका शहरातल्या बायकांच्या घराचा उल्लेख होता, तो गाळला. फार लहानसहान गोष्टी. मला त्यात खोटं बोलतेय असं वाटतही नव्हतं.

ते पान आलं तेव्हा मार्च महिना होता. किचनच्या खिडकीतून ऊन टेबलावर येत होतं. त्यांनी पेन्सिलीला टोक करून ठेवलं होतं. पान नेहमीसारखंच होतं, अक्षर जरा जास्तच नीट. मी आधी मनात वाचलं.

कोअर बेल्जियममधल्या एका खेड्यातून जात होतं. बेकरीला त्या खेड्यातली भट्टी मिळाली होती. मागून पीठ आलं नव्हतं. गावचा पाववाला म्हणाला, माझ्याकडे पीठ नाही. आजोबांनी, स्वतः पाववाले असल्यामुळे, कुठे शोधायचं ते ओळखलं. भट्टीच्या मागच्या राखेच्या खड्ड्याजवळ फळ्यांखाली तीन पोती निघाली. त्यांनी वरच्याला कळवलं. दुपारी त्या पाववाल्याला शाळेच्या भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या. त्याची बायको तिथेच होती. आणि त्याखाली शेवटची ओळ: पीठ चांगलं, थोडं ओलं, पाव संध्याकाळपर्यंत तयार.

"काय आहे?" त्यांनी विचारलं.

मी वर पाहिलं. पेन्सिल कागदावर टेकवून ते वाट पाहत होते. बायकोच्या नंतरचं त्यांचं ते पहिलंच वर्ष असं होतं की शनिवारची ते वाट बघायचे. हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

"पीठ," मी म्हटलं. "तीन पोती पीठ मिळालं. चांगलं होतं, पण थोडं ओलं."

"आणि? पान तर भरलेलं दिसतंय."

"इथे शाई पसरली आहे. लागत नाही."

त्यांनी लिहिलं: तीन पोती, चांगलं, थोडं ओलं. मग हसले. "ओल्या पिठाचा पाव कसा करायचा ते मला त्यांनी शिकवलं होतं," म्हणाले. मी चहा संपवला, कप विसळला आणि घरी आले. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बरं केलंस. या वयात माणसाला कशाला ते." मला तेच ऐकायचं होतं.

हे एवढ्यावर राहिलं असतं तर कदाचित मी आज हे लिहीत नसते. पण एप्रिलमध्ये आमच्या भागातल्या लायब्ररीत त्यांनी एक छोटं भाषण करायचं ठरवलं. अँझॅक डेच्या आधीच्या आठवड्यात तिथे लोक आपापल्या घरातल्या सैनिकांबद्दल बोलतात. पंचवीसेक माणसं, घडीच्या खुर्च्या, कोटांवर स्मरणाची लाल कागदी पॉपीची फुलं. त्यांनी प्लायवूडची फळी गाडीच्या टपावर बांधून नेली होती. मी पहिल्या रांगेत बसले.

फार छान बोलले. कोअर कसं असतं ते फळीवर बोट ठेवून समजावलं. मग त्या खालच्या चौकोनावर बोट ठेवून म्हणाले, "मी शाळेत माझ्या या आजोबांबद्दल कधी बोललो नाही. सत्तर वर्षं उशीर झाला. ते शत्रूच्या बाजूला होते, पण या एवढ्या मोठ्या यंत्रात त्यांनी एकच काम केलं. त्यांनी माणसांना खायला घातलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मग काठी घेऊन बसलेल्या एक वयस्क बाई म्हणाल्या, "पीठ कुठून यायचं?"

साधा प्रश्न होता. बाईंना खरंच कुतूहल होतं. शेजाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कौतुकानं म्हणाले, "हे माझी शेजारीण सांगेल. सगळं तिनं वाचलंय."

मी उभी राहिले. म्हणाले, "मागून यायचं. आगगाडीनं शेवटच्या स्टेशनपर्यंत, तिथून कोअरच्या धान्याच्या गाड्यांमधून. प्रत्येक कोअरच्या अशा गाड्या ठरलेल्या असायच्या." मी गाड्यांबद्दल आणखी दोन मिनिटं बोलले. त्यातलं एकही वाक्य पुस्तकाच्या बाहेरचं नव्हतं. बाईंनी मान डोलावली. पानावरची भिंत मला दिसत होती आणि मी गाड्या मोजून दाखवत होते.

त्या दिवशी परत येताना गाडीत ते गाणं गुणगुणत होते.

त्यांची मुलगी शहराच्या उत्तर टोकाला, अल्बनीला राहते. ती भाषणाला आली होती. बापाला एवढं खुललेलं तिनं बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला त्या वहीचं पुस्तक करून द्यायचं तिच्या मनात आलं. तिनं मला विचारलं नाही. बहुधा मला त्रास नको म्हणून. जुनं हस्ताक्षर वाचून भाषांतर करणारी प्रोग्रॅम्स आता मिळतात. तिनं वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढला आणि तसल्या एका प्रोग्रॅमला खायला घातला.

जुलैमधली दुपार होती. पाऊस भुरभुरत होता. दाराची बेल वाजली. ते माझ्याकडे कधी पुढच्या दारानं येत नसत, म्हणून मला वाटलं पार्सल असेल. दार उघडलं तर ते उभे, पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, मोजे भिजलेले, हातात एक छापलेला कागद.

"हे तू वाचलं होतंस का?"

इंग्रजी मोडकंतोडकं होतं. पण पोती, पाववाला, शाळेची भिंत, सगळं होतं. मी म्हणू शकले असते की नाही, मला लागलं नव्हतं. त्यांनी विश्वास ठेवला असता. एक क्षण मी ते तोंडापर्यंत आणलंही.

"हो," मी म्हटलं.

"कधी?"

"त्याच दिवशी."

"शाई पसरली नव्हती."

"नाही."

मी त्यांना आत या म्हटलं. ते आले नाहीत. पागोळी त्यांच्या खांद्यावर पडत होती आणि ते तिथून हलेनात.

"का?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"वाटलं असतं," ते म्हणाले. "मग? मला आजोबांचा राग आला असता. तो माझा नि त्यांचा प्रश्न होता." मग म्हणाले, "माझी आई मला प्रेमानं काहीतरी सांगत राहिली. तिला खरं माहीत होतं की नव्हतं, आता विचारता येत नाही. घरची माणसं असं करतात. तू घरची नव्हतीस. म्हणून तर तुझ्याकडे आलो होतो."

मी म्हटलं, "माझं चुकलं."

"त्या बाईनं पीठ कुठून आलं विचारलं तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"मी तिथे उभा होतो. सगळ्यांसमोर. तू टाळ्या वाजवल्यास."

मग त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, "अजून कुठे कुठे?"

मी म्हटलं, मला वही द्या, मी दाखवते. ते म्हणाले, वही नको, तुला आठवत असेल. आणि मला आठवत होतं. मी टेबलाशी बसून कागदावर लिहून काढलं. पाववाल्याचं पान धरून सात जागा झाल्या. पट्ट्यानं मारलेला पोऱ्या, बायकांचं घर, एका अधिकाऱ्याला दिलेली शिवी, अशा. लिहिताना मला दिसलं की यातल्या सहा गोष्टी सांगितल्या असत्या तर त्यांनी फक्त भुवया उडवल्या असत्या. ते उंबऱ्याबाहेरच उभे होते. कागद घेतला, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि "थँक यू" म्हणाले. सवयीनं म्हणाले असतील.

पुढच्या शनिवारी दहा वाजता मी मागच्या दारापर्यंत गेले. आतून रेडिओ ऐकू येत होता. दार ठोठावायला हात उचलला आणि परत फिरले. त्या दिवशी ठोठावायला हवं होतं असं मला अजूनही वाटतं. त्यांनी दार उघडलं असतं की नाही ही वेगळी गोष्ट. पण मी पुन्हा एकदा, त्यांना काय झेपेल आणि काय नाही, हे त्यांच्या वतीनं मीच ठरवलं.

आमचं बोलणं बंद झालं असं नाही. कचऱ्याचे डबे बाहेर ठेवताना "मॉर्निंग" व्हायचं. एप्रिल आला की फिजोआची पिशवीही यायची. पण ती दारात ठेवून ते निघून गेलेले असायचे.

लायब्ररीत काम करणाऱ्या बाईंकडून मला पुढचं कळलं. मी पुस्तकं परत करायला गेले होते. त्या म्हणाल्या, तुमचे शेजारी परत बोलायला आले होते, तुम्ही नाही आलात. त्यांनी स्वतः फोन करून वेळ मागून घेतली होती. मागच्या वेळचे जितके लोक जमवता येतील तितके जमवा म्हणाले होते. फळी आणली नव्हती. ते पान त्यांनी उभं राहून अख्खं वाचलं, शेवटच्या ओळीसकट, आणि म्हणाले, "पीठ कुठून यायचं असं इथे कोणीतरी विचारलं होतं. त्याचं उत्तर हे आहे."

मी विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाले का?

"म्हणाले की मला आधी चुकीचं कळलं होतं, मी तपासून घ्यायला हवं होतं."

बाई पुस्तकं स्कॅन करत होत्या. मी तिथून निघाले आणि गाडीत बसून राहिले. त्यांनी माझं नाव घेतलं असतं तर मला जास्त बरं वाटलं असतं.

त्यांनी त्या खेड्याच्या पंचायतीलाही पत्र लिहिलं. उत्तर यायला चार महिने लागले. हे मला त्यांच्या मुलीनं सांगितलं, घर विकायला काढलं तेव्हा. गुडघे गेले होते, जिना चढवत नव्हता, म्हणून ती त्यांना अल्बनीला घेऊन चालली होती. मुलगी माझ्याशी नीट वागायची, पण तिच्या बोलण्यात एक अंतर होतं. सामान भरायला मी मदत करू का विचारलं तर म्हणाली, "झालंय जवळजवळ सगळं."

कुंपणापलीकडे आता एक तरुण जोडपं राहतं. चांगली माणसं आहेत.

शेजारी अल्बनीला गेल्यानंतर काही महिन्यांनी त्यांच्या नावाची दोन पत्रं आमच्या पेटीत आली. मी ती पोस्टानं पुढे पाठवू शकले असते. पण एका रविवारी मी बस पकडली, शहरात बदलली आणि बसवेनं, म्हणजे फक्त बससाठीच्या रस्त्यानं, अल्बनीला गेले. आधी फोन केला होता. मुलगी म्हणाली, या.

नवं घर, मोठ्या काचा, बाहेर अजून गवत न रुजलेलं अंगण. ते काचेपाशी टेबलावर बसले होते. समोर वही, भिंग, आणि जुन्या अक्षरांचा एक तक्ता. त्यांनी स्वतः शिकायला घेतलं होतं. शेजारी जर्मन शब्दकोश होता आणि त्यात कागदाच्या बऱ्याच खुणा.

"किया ओरा," त्यांनी माओरीत नमस्कार केला. "बस."

मी बसले. मुलीनं चहा दिला. आम्ही गुडघ्यांबद्दल बोललो, नव्या शेजाऱ्यांबद्दल बोललो. मग त्यांनी खेड्याहून आलेलं पत्र दाखवलं. सोबत एक फोटो होता. शाळेच्या भिंतीवर दगडी पाटी आणि तिच्यावर नावं. त्या पाववाल्याचं नाव तिसरं होतं. त्यांनी ते दाखवलं आणि म्हणाले, "त्याची पणती अजून तिथेच राहते. तिला मी लिहिलंय. काय लिहायचं ते कळत नव्हतं, म्हणून जे झालं तेवढंच लिहिलं."

"तिचं उत्तर आलं?"

"नाही. येणार नाही बहुतेक. तिनं का द्यावं?"

मग ते पुन्हा वहीकडे वळले. माझ्या समोर त्यांनी एक ओळ घेतली, भिंग धरलं, एकेक अक्षर तक्त्याशी ताडून पाहू लागले. एक शब्द चुकीचा लावत होते. तो घोड्यांच्या दाण्यासाठीचा शब्द होता, ते भलतंच काही शोधत होते शब्दकोशात.

"मी सांगू का?" मी विचारलं.

"नको," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "मला सापडेल."

चहा गार झाला. त्यांना तो शब्द सापडायला बराच वेळ लागला आणि सापडल्यावर त्यांनी फाइलमध्ये तो लिहिला, खाली रेघ मारली आणि पुढच्या शब्दावर गेले. मी घड्याळ बघितलं, पाचची बस होती. निघते म्हटलं. ते उठायला लागले, मी नका उठू म्हटलं, तरी टेबलाला धरून उठले आणि दारापर्यंत आले.

"पत्रं आणलीस त्याबद्दल थँक्स," ते म्हणाले.

मी परत कधी येऊ असं विचारलं नाही. त्यांनीही ये म्हटलं नाही.